अक्काच्या वाट्याचं ऊन

धुळ्यात उन्हाला काय तोटा! मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात माझी थोरली बहीण, आमची अक्का, उन्हावाचून गेली, हे कोणत्या तोंडानं सांगू?

मेहुणे वारले तेव्हा पारोळ्याहून मीच तिला घरी आणलं. तिकडे तिचं कुणी उरलं नव्हतं. आमच्या भाऊबंदांत तेव्हा कोपरा पाळायची रीत होती. नवरा गेला की वर्षश्राद्धापर्यंत बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. अक्का मधल्या खोलीत बसली. त्या खोलीला खिडकी नव्हती. मी हायस्कुलात मास्तर, समाजसुधारणेवर घसा कोरडा करणारा. घरी मात्र शेपूट घातलेली.

थंडी पडली आणि अक्काची छाती भरली. बरी व्हायची, पुन्हा भरायची. तिसऱ्या खेपेला डॉक्टर वैतागले.

"मास्तर, यांना रोज सकाळी उन्हात बसवा. अंगात ड जीवनसत्त्व कमी पडलं की हे आजार लवकर धरतात म्हणे. खात्रीनं नाही सांगत, पण बसवा. अगदीच जमत नसेल तर या माशाच्या तेलाच्या गोळ्या द्या."

मला हायसं वाटलं. चला, सुटलो! आमचा ओटा रस्त्यावर, समोर चुलत्यांचं घर. त्यांच्या देखत अक्काला उन्हात बसवायची माझी हिंमत नव्हती.

अक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. उभ्या जन्मात ती मासळीला शिवली नव्हती. ती पिवळी गोळी तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?"

"शक्तीची गोळी," मी म्हणालो. माझ्यावर विश्वास ठेवून बिचारी रोज गिळत राहिली.

पौषातल्या एका सकाळी ती म्हणाली, "भाऊ, माले घडीभर उनमा बसू दे ना."

"वर्षश्राद्ध होऊ दे, अक्का. लोक काय म्हणतील?"

तिनं त्या दिवसाची गोळी गिळली. आठवड्याभरात ती न्यूमोनियानं गेली. उन्हानं वाचली असती का, देव जाणे. पण तिनं मागितलं होतं आणि मी दिलं नाही.

तिला ओट्यावर ठेवलं तेव्हा सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. चुलते म्हणाले, "सावलीत सरकवा रे."

"राहू द्या तिला उन्हात!" मी ओरडलो. चुलत्यांवर जन्मात पहिल्यांदा.

सगळी गल्ली जमली होती. कुणी काही म्हणालं नाही.