जात्यातली मूठ

सासूचा मला जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही. तिला जाऊन कितीतरी पावसाळे झाले, राग आहे तिथंच आहे.

साखरशेतच्या आमच्या घरात एक रीत होती. जात्याच्या तोंडात दाणे पडले की दळण पुरं झाल्याशिवाय बाईनं निजायचं नाही. जातं तसंच टाकलं तर घरातलं धान्य रुसतं म्हणे. रुसायचा हक्क धान्याला होता, मला नव्हता.

त्या वर्षी संस्थानच्या सडकेचं काम निघालं. घरटी एक माणूस वेठीला द्यावा लागे. नवऱ्याचा पाय दुखायचा म्हणून मी जायची. तो पाय सडकेच्या नावानंच दुखायचा, शिकारीला निघताना कधी दुखला नाही. दिवसभर डोक्यावर दगड वाहून घरी यावं, भिंतीला पाठ टेकावी, की सासू उठून नागलीची मूठ जात्यात टाकायची. तिचा खांदा निकामी झालेला, दळणं तिला जमत नसे. मग ती परत चुलीपाशी जाऊन बसायची. मी मनातल्या मनात तिचा उद्धार करत खुंटा धरायची. पहिले काही फेरे नुसत्या रागावर निघत, मग हात आपला चालू लागे. सगळ्यांना भाकर मिळायची, आणि त्यानं मी आणखीच चिडायची.

पुढं ती तापानं अंथरुणाला खिळली. पेजेशिवाय पोटात काही ठरत नव्हतं, आणि घरात पीठ संपलेलं. संध्याकाळी मी आले तर जातं रिकामं. आज मूठ टाकणारं कुणी नाही म्हणून खुशाल बसले, ती बसलेच. उठायचं कितीही मनात आणलं तरी अंग हलेना.

"राहू दे आज," नवरा म्हणाला. "पानी पिऊन निजू."

आई त्याची, उपास तिला, आणि हा निजायला मोकळा. त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं, पण हातच उचलत नव्हता.

तेवढ्यात खरडल्याचा आवाज आला. सासू जमिनीवरून सरकत जात्याकडं निघाली होती, मुठीत नागली. निम्मे दाणे वाटेतच भुईवर सांडले.

"आत्या, पडून राहा की," मी खेकसले.

"मंग तुला कोन उठवल?"

मी दात खात दळलं, पेज केली, तिच्या तोंडाला लावली. दोन घोट घेऊन म्हणाली, "जाडं दळलंस." वाडगं आपटावंसं वाटलं मला.

त्याच दुखण्यात ती गेली. बायाबापड्या येऊन रडून गेल्या, मला रडू आलं नाही. वेठ मात्र सुटली नव्हती. एका संध्याकाळी दमून आले, भिंतीला टेकले, जात्याकडं बघत राहिले. मग कशीबशी उठले, मूठभर नागली जात्यात टाकली आणि परत भिंतीशी येऊन बसले. आत पडलेले दाणे पाहून तिच्यावर अशी काही भडकले, की उठून खुंटा धरावाच लागला.