त्या चार दिवसांची गोळी

हेमाताई पावसला एका रोपवाटिकेत कलमं बांधायची. कोयीच्या रोपावर हापूसची काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. तिने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे पट्ट्या कापायला जायचे. तिथून आमची मैत्री. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. माझं काम बघून म्हणायची, "एम.ए. होशील गो ओवी, पण पट्टी सरळ कापणार नाहीस."

चौतिसाव्या वर्षी तिच्या कमरेच्या हाडात कर्करोग निघाला. केमो झाली. उपयोग झाला नाही. उरली मॉर्फिनची गोळी, दर चार तासांनी एक.

ती गोळी इथे सहज मिळत नाही. नवरा श्याम बोटीवर. त्याचा मित्र मुंबईहून आणून द्यायचा. डॉक्टर म्हणाले होते, कुलपात ठेवा. घरात कुलूप एकाच कपाटाला होतं, देवघरातल्या. किल्ली तिच्या सासूच्या, गंगाकाकूंच्या कमरेला. त्या घरात पाळी पाळतात. चार दिवस हेमाताई मागच्या पडवीत असायची. काकू यायच्या आणि गोळी वरून तिच्या ओंजळीत टाकायच्या.

तिथेच एकदा ती मला म्हणाली, "या दिवसांत गोळी लागूच पडत नाही गो. नुसतं पाणी प्यायल्यासारखं."

काकू आतून म्हणाल्या, "सवय लागलीय तिला. जास्त हव्यात."

मी तिला कॅलेंडरवर लिहायला सांगितलं. दुखणं दहापैकी किती, रोज एक आकडा. पाळीच्या दिवसांना लाल गोल. तिने तीन महिने लिहिलं. लाल गोलांत आठ, नऊ, नऊ, आठ. बाहेर चार, कधी तीन.

ती पानं घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट पाहिली. म्हणाले, "बायकांच्या संप्रेरकांच्या चढउतारानं वेदनाही बदलते आणि या औषधाचा गुणही बदलू शकतो. सगळ्यांत सारखं दिसत नाही. अभ्यास अजून चालू आहे. पण हिच्यात दिसतंय." त्या दिवसांत दर वेळी दीड गोळी, असं त्यांनी लिहून दिलं.

चिठ्ठी इंग्रजीत होती. मी काकूंना वाचून दाखवली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

"दीड का म्हणून?" त्यांनी विचारलं.

मला आनंद झाला होता. मी सांगितलं, त्या दिवसांत गोळीचा गुण कमी येतो, हेमाताई खोटं बोलत नव्हती.

"म्हणजे तिचं खरं."

"हो काकू."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून गोळ्यांच्या डब्यात ठेवली.

पुढच्या महिन्यात मी मुलाखतीसाठी पुण्याला गेले होते. पाचव्या दिवशी परतले आणि थेट तिच्याकडे गेले. ती पडवीत होती. चटईची कड दातांनी कुरतडलेली. अंग घामानं भिजलेलं, कपडे जुलाबानं भरलेले. तिला कोणी शिवलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होत्या.

"गोळी कधी दिलीत?"

"चार दिवस बंद ठेवलीय. गुण येत नाही, तूच म्हणालीस ना? मग मुंबईहून आणलेली गोळी उगाच कशाला घालवायची? उद्या न्हाली की सुरू करू. तेव्हा लागू पडते तिला."

आवाजात राग नव्हता. थोडं समाधानच होतं.

"मी कमी म्हटलं होतं, काकू. अजिबात येत नाही असं नाही."

"पहिले दोन दिवस ओरडत होती. आता बघ, गप्प आहे."

घाम, जुलाब गोळी एकदम तुटल्याचे होते. मी पडवीत परत गेले. कॅलेंडर तिच्या उशाशी होतं. तिने या वेळीही लिहिलं होतं. दहा. दहा. दहा. चौथा गोल रिकामा होता.

मी तिचा हात धरला. तिने डोळे उघडले नाहीत.

"लागू पडत होती गो ती," हेमाताई म्हणाली. "आता कळलं."