झाकण उघडणाऱ्या शालनताई

शालनताई गाडीच्या मालकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि मग गाडीची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायच्या. शिरूरहून माझी जुनी कॉन्टेसा घेऊन मी पहिल्यांदा दौंडला त्यांच्या गॅरेजात गेलो, तेव्हाही त्यांनी तेच केलं. मोठं इंजिन बसवलेली ही गाडी मला मातीतल्या शर्यतीत उतरवायची होती. पण वळणावर जोर दिला की मागचं एकच चाक जागेवर गरगरायचं. ज्यानं ती मला विकली, त्यानं तर शपथेवर सांगितलं होतं की मागचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, खास शर्यतीचा आहे.

ताईंनी गाडी न्यूट्रल केली आणि एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं.

"शर्यतीचा असता तर दोन्ही एकाच बाजूला फिरली असती," त्या म्हणाल्या. "बाहेरचं हाउसिंग, म्हंजी कवच, तेवढं मोठ्या गाडीचं हाय. आतला माल साधा हाय."

मग झाकण उघडून त्यांनी आतले साधे गिअर दाखवले आणि माझा चेहरा उतरलेला पाहून चहा मागवला. "कळलं म्हंजी निम्मं काम झालं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

चहा घेऊन आला तो विलास, त्यांचा धाकटा भाऊ. गॅरेज मूळचं त्याचं. ताई पाबळच्या संस्थेत यंत्रकाम शिकून आल्या आणि भावाच्या जोडीला उभ्या राहिल्या. पण आता विलास फक्त सामान आणायचा, फोन घ्यायचा. पाना हातात धरायचा नाही. त्यामागचं कारण मला ताईंनीच सांगितलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं हाउसिंग नुसतं बाहेरून पाहून त्यानं आतले गिअर दणकट आहेत असं ठरवलं होतं आणि वर जास्त ताकदीचं इंजिन चढवून दिलं होतं. घाटात दाते तुटले, चाकं जाम झाली, गाडी कठड्यावर गेली. त्या माणसाचा मोडलेला हात पुढं बरा झाला, पण विलासच्या मनातली भीती गेली नाही.

दोन्ही चाकांना ओढायला लावणारा डिफरन्शियल ताईंनी पुण्याहून मिळवला. तो बसवणं नाजूक काम. मोठ्या दातेरी चक्राला रंग लावून फिरवायचं. लहान चक्राची खूण दात्याच्या मधोमध उमटली तर जुळणी बरोबर. ताईंनी चक्र फिरवलं, खूण पाहिली आणि विलासला हाक मारली.

"मला नीट दिसंना. तू बघ जरा."

तो दारातच थांबला. "तूच बघ, अक्का. माझं चुकंल."

"चुकलं तर पुन्हा खोलू. गाडी अजून जॅकवरच हाय."

मग विलास येऊन वाकला. त्यानं बोट दात्यावरून फिरवलं आणि खूण कडेला गेल्याचं हळूच सांगितलं. ताई बाजूला सरकल्या. चक्रांमधलं अंतर जुळवायला पातळ चकत्या बदलत, पुन्हा रंग लावत, दुपारभर तोच काम करत राहिला. बाकड्यावर बसून ताई माझ्याशी कांद्याच्या रोपांबद्दल बोलत होत्या आणि बोलता बोलता हातातल्या पावतीवरची बारीक अक्षरं सहज वाचत होत्या. त्यांची नजर उत्तम होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी मोकळ्या रानात गाडी घातली. विलास शेजारी बसला होता. वळणावर मी जोर दिला, तशी दोन्ही चाकांनी माती धरली आणि गाडी सरळ पुढं झेपावली. विलास मागं वळून टायरांच्या खुणा पाहत राहिला. एकाच्या जागी दोन चर उमटले होते. मग म्हणाला, "अजून एक चक्कर मारा."

पुढच्याच वर्षी ताई पाबळला शिकवायला गेल्या. मी फोन करून सांगितलं की गाडीच्या मागून बारीक आवाज येतोय, घेऊन येतो तुमच्याकडं. त्या हसल्या.

"इकडं कशाला? विलासकडं न्या. आता मलाच काय अडलं, तर मी त्याला इचारते."