उभ्याने तीन फेऱ्या

दोह्याहून गाडीने तासाभरात मेसईद मागे पडतं, डांबर संपतं आणि वाळूचे डोंगर सुरू होतात. कतारमध्ये ज्यांना उतारावरून घसरायचं असतं ते इथे येतात. बर्फ नाही आणि वर नेणारा पाळणाही नाही. पायाला फळी बांधून खाली यायचं आणि ती काखेत मारून पुन्हा वर चढायचं. उतरायला दहा सेकंद, चढायला दहा मिनिटं. नोव्हेंबर ते एप्रिल दर शुक्रवारी आणि शनिवारी गाड्यांची रांग लागते.

साजिदा होडेकर इथल्या एका लहान कॅम्पवर फळ्या वाटते. वय त्रेचाळीस. माहेर रत्नागिरीच्या खाडीकाठी, वडील होड्या दुरुस्त करायचे. नवरा शफीक मेसईदच्या खत कारखान्यात ऑपरेटर आहे, मुलगी जिक्रा दहावीत. चार हंगाम साजिदाने बुटांचे नंबर विचारले, फळ्या पुसल्या, हरवलेले चष्मे शोधून दिले. उतारावर ती एकदाही गेली नव्हती.

एका शुक्रवारी तिने मोजलं. एकतीस बायका आल्या, वर चढल्या चार. बाकीच्या खुर्च्यांवर बसून नवऱ्यांचे व्हिडिओ काढत होत्या. एकीला विचारलं तर ती म्हणाली, "शिकवणारा माणूस हात धरतो. मी कशी जाऊ?"

साजिदा कॅम्पचा मॅनेजर हमजाकडे गेली. हमजा म्हसळ्याचा, त्यामुळे दोघं मराठीतच बोलत. फक्त बायकांसाठी एक सकाळ ठेवा, शिकवायला बाई ठेवा, असं तिने सुचवलं. हमजाला कल्पना इतकी पटली की आठवड्यात त्याने मनिलाची एक प्रशिक्षक पक्की केली. व्हिसाचा अर्ज तेवढा करायचा राहिला होता.

"कल्पना माझी आणि बाई बाहेरची?" साजिदा म्हणाली. "मी शिकवते."

हमजा हसला. "भाभी, तुम्ही खाडीच्या. पाण्यात पडलात तर तराल, इथे पाणी कुठाय?"

"म्हसळ्याच्या माणसाला वाळू कधीपासून कळायला लागली? काय करून दाखवू, तेवढं बोला."

त्याने अट घातली. सर्वांत उंच डोंगरावरून लागोपाठ तीन फेऱ्या, उभ्याने. मुदत पंधरा दिवस, परीक्षा शनिवारी संध्याकाळी गर्दी पांगल्यावर. जमलं नाही तर रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मनिलाचा अर्ज जाईल आणि साजिदा बुटांचे नंबर विचारत राहील.

जिक्राची स्कूलबस गेली की ती उतारावर जायची. पहिल्या सकाळी बावीस वेळा पडली, दहाव्या सकाळी दोनदा. गुडघे वाकवायचे, भार मागच्या पायावर ठेवायचा, नजर खाली नाही, लांब. हे तिला कुणी सांगितलं नाही, पडून कळलं. कोपर सोलून घरी आली तेव्हा शफीक म्हणाला, "हाड मोडलं तर भाकऱ्या कोण भाजणार?"

"तुम्ही. तुमचे हात शाबूत आहेत."

एक गोष्ट तिला खटकत होती. फळीच्या तळाला प्रत्येक फेरीआधी मेणाची वडी घासावी लागते, एका उतरणीत ते मेण झिजतं. तिच्या गावी होडी पाण्यात लोटताना खाली लाकडी ओंडके टाकत आणि त्यांत आधी तेल मुरवत. एकदा मुरवलं की दहा होड्या सुळकन जात. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने आपल्या फळीच्या तळाला खोबरेल तेल चोळलं, तीन हात. सकाळी फळी आरशासारखी चमकत होती.

शनिवारी ती माथ्यावरून निघाली आणि चार हातांवर फळी जागीच रुतली. साजिदा पुढे फेकली गेली, तोंडावर. फळी उलटी केली तर तळाला वाळूचा बोटभर थर, भाकरीला पीठ लागावं तसा.

"खलास," हमजा म्हणाला.

"फळीचा दोष नाही, माझा आहे. परीक्षा परत घ्या."

"भाभी, उद्या अर्ज जातोय."

"ऑफिस आठला उघडतं. सातला घ्या."

तो नाही म्हणाला नाही, म्हणून ती ते हो समजून घरी गेली. फळी गरम पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने घासली. लाकडात मुरलेलं तेल निघेना.

"अम्मी, ऑइलला सँड चिकटणारच. ऑब्व्हियस्ली," जिक्रा म्हणाली.

"कालच्याला बोलायचं होतंस."

"तू विचारलंस कुठे?"

रविवारी तिने भाड्याच्या फळ्यांमधली एक उचलली, सतरा नंबरची, तिच्या फळीपेक्षा वीतभर लांब. या फळीवर तिचा एकदाही सराव नव्हता. माथ्यावर बसून तिने मेण घासलं. पहिली फेरी सरळ गेली. दुसरीत दवाने ओल्या पट्ट्यात फळी रेंगाळली, तरी साजिदा खालपर्यंत आली. तिसऱ्या फेरीपर्यंत वारा सुटला होता. अर्ध्या उतारावर फळीचं टोक वळलं, साजिदाचा डावा हात वाळूला लागला. ती सावरली आणि उभ्यानेच पायथ्याला थांबली.

हमजाने घड्याळ पाहिलं. सात चाळीस. "झाल्या तीन. पडला नाहीत. मान्य."

"हात टेकला."

"मी सोडून दिलं ना."

"तुम्ही सोडाल. शुक्रवारी मी बायकांना काय सांगू, हात टेकला तर चालतं?" तिने पट्टे सोडले, फळी काखेत मारली. "ही फेरी धरू नका."

"भाभी, दहा मिनिटं चढायला लागतात!"

"मग फोन करायला तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत."

ती वर गेली. माथ्यावर ती मिनिटभर बसली. मेण लावलं, पट्टे आवळले, उठली. या वेळी फळी एका रेषेत आली. दोन्ही हात हवेत होते.

पायथ्याला हमजा फोनवर ऑफिसातल्या कारकुनाशी बोलत होता. "सोहेल, तो मनिलाचा अर्ज जरा थांबव."

साजिदा धापा टाकत होती. तोंडातली वाळू तिने थुंकली.

"थांबव नाय," ती म्हणाली. "रद्द कर म्हणा."