पडवीला मी दिलेला शब्द

महाडच्या एका हायस्कुलात मी पुष्कळ वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करू लागलो. खालच्या कोर्टातल्या साक्षी मराठीत असतात. हायकोर्टात अपील करायचं तर वकील त्या इंग्रजीत करून मागतात. काम घरबसल्या होण्यासारखं होतं, आणि मला माझ्या इंग्रजीचा गर्वही होता. तो कसा होता, ते पुढे कळेलच.

एका दुपारी तुडीलची मुलगी कागदांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मुलगी म्हणायची आपली सवय, चाळिशी ओलांडलेली बाई ती. तुडील माझंही गाव, तिचं माहेर आमच्या घरापासून चौथं. लग्न होऊन ती पोलादपूरजवळच्या कापड्याला गेली होती. गांजा बाळगल्याबद्दल तिच्या नवऱ्याला दहा वर्षांची सजा झाल्याचं मी गावात ऐकलं होतं.

"दादा, अपील करायचाय," ती म्हणाली. "वकील बोलले, साक्षींचा इंग्लिश करून आणा. मी बोलले, माझा दादाच हाय महाडात."

मी कागद ठेवून घेतले आणि त्याच संध्याकाळी वाचायला बसलो.

प्रकरण असं होतं. तिचं घर एसटीच्या थांब्याला लागून. वरच्या वाड्यांवरची माणसं खाली उतरली की आपली बोचकी, तांदळाच्या गोण्या, मुंबईला पाठवायचे फणस तिच्या पडवीत टेकवायची आणि गाडी आली की उचलायची. कुणी सकाळी ठेवून संध्याकाळी नेई. विचारायची पद्धतच नव्हती. एक दिवस पोलीस आले, तेव्हा तांदळाच्या गोण्यांखाली गांजाच्या दोन गोण्या निघाल्या. नवरा म्हणाला, माझ्या नाहीत. कोणाच्या, ते त्याला सांगता आलं नाही, आणि माझ्या आहेत म्हणायला कुणी येणार नव्हतंच.

त्याच्या बाजूनं शेजारच्या म्हाताऱ्यानं साक्ष दिली होती. "पडवीत कोण पण काय पण ठेवतो. आम्ही पण ठेवतो. तिला दार नाय." सगळं अपील या तीन वाक्यांवर उभं होतं.

पडवीला व्हरांडा लिहावं की काय, यावर मी थोडा थांबलो. व्हरांडा म्हटलं की मला साहेबांचे बंगले आठवायचे, वेताच्या खुर्च्या आठवायच्या. कौलारू घराला तो शब्द शोभेना. माझ्या महाडच्या घराची पडवी मी केव्हाच भिंत घालून बंद केली होती, तिथे माझा टीव्ही आणि पलंग होता. मी लिहिलं, 'फ्रंट रूम'. सोपं, सुटसुटीत. आणि पुढच्या पानाकडे वळलो. तुडीलच्या उघड्या पडवीत मी लहानाचा मोठा झालो होतो, तिथेच निजलो होतो, आणि तरी मला काही खटकलं नाही.

अपील दाखल झालं. त्याची सुनावणी व्हायला वर्षं लागणार, तोवर जामीन मिळावा म्हणून वकिलांनी अर्ज केला. काही महिन्यांनी ती पुन्हा आली. हातात हायकोर्टाचा आदेश होता.

"नाय मिळाला, एवढा कळला," ती म्हणाली. "पण का नाय, ते वाचून सांगा, दादा."

ती समोर बसली. मी वाचत गेलो. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की माल घराच्या पुढच्या खोलीत सापडला. साक्षीदाराच्याच म्हणण्याप्रमाणे त्या खोलीला दार नाही, म्हणजे ती राहत्या घराचाच भाग दिसते. तेव्हा माल आरोपीच्या ताब्यात नव्हता असं आत्ताच म्हणता येत नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. ती पुढची खोली म्हणजे माझाच 'फ्रंट रूम' होता.

"काय लिहिलाय?" तिनं विचारलं.

"कायदा कडक आहे, असं लिहिलंय," मी म्हणालो. "मुख्य सुनावणीत बघू म्हणतात."

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. चहा घेऊन गेली.

त्याच दिवशी मी वकिलांना फोन करायला हवा होता. केला नाही. हिला कळलं की तुडीलमध्ये कळेल, आणि इंग्रजीच्या मास्तरला पडवी कळली नाही असं चार माणसं म्हणतील, ही भीती होती. वकिलांच्या ध्यानात येईलच, अशी मनाची समजूत घालत मी दहा महिने काढले.

दिवाळीच्या सुमाराला ती जेलमधून आलेलं एक पत्रक वाचून घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, "पडवी चिरे लावून बंद करून घेतली, दादा. आता कोणाला काय ठेवू देत नाय. लोक नावं ठेवतात, ठेवू देत."

दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मूळ साक्ष काढून वाचली.

"तेव्हाच सांगायचं होतंत. आपण लगेच दुसरा अर्ज केला असता."

"जामीन मिळाला असता का?"

"या कायद्यात सहसा मिळत नाही. बरोबर शब्द असता तरी मिळालाच असता असं नाही."

"पण मिळालाही असता?"

"मिळालाही असता," ते म्हणाले.

त्यांनी दुरुस्ती दाखल केली, दुसरा अर्जही केला. त्याची तारीख पुढे पुढे जात राहिली, आणि शेवटी अपीलच सुनावणीला लागलं. तोवर आणखी दीड वर्ष गेलं. कोर्टानं म्हटलं की तिन्ही बाजूंनी लोकांना मोकळ्या असलेल्या जागेत माल सापडला म्हणून तो घरमालकाच्या ताब्यात होता असं सिद्ध होत नाही. तिचा नवरा निर्दोष सुटला.

तो घरी आल्यावर मी कापड्याला गेलो. केस पांढरे झालेले, माणूस वाळलेला. गावचा जावई म्हणून मी त्याला नेहमी अहोजाहो करत असे. त्याच्या शेजारी बसून मी शब्दाची सगळी हकिगत सांगितली, माझे दहा महिनेही सांगितले.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, पोलिसांनी पडवी बघितलेली. खालच्या जजसायबांपुढे तिचा नकाशा होता. तरी मी आत गेलो. तुम्ही एकट्यांनी कशाला घेताय अंगावर?"

मला हलकं वाटायला हवं होतं. पण आतून त्याची बायको पाणी घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "मी जामिनाचा कागद घेऊन आलेली, तेव्हाच तुम्हाला समजला ना? मी समोर बसलेली होते."

"हो," मी म्हणालो.

तिनं तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. मी निघालो, तरी ती बाहेर आली नाही.

भाषांतराचं काम मी त्यानंतर सोडलं. गौरी-गणपतीला तुडीलला आमची गाठ पडते. ती थांबते, तब्येत विचारते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. कागदपत्रं मात्र आता ती पोलादपूरला एका झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेते, असं तिच्या भावाकडून कळलं.