दोनदा निकाली निघालेली पांदण

दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या अपील शाखेचं वर्षाचं उद्दिष्ट ठरतं. ठरतं म्हणजे वरून येतं आणि आम्ही ते स्वतःच ठरवल्यासारखं टंकून परत वर पाठवतो. यवतमाळच्या या कार्यालयात मी अव्वल कारकून आहे. तहसीलदारांचा निर्णय ज्यांना मान्य नसतो ते आमच्या साहेबांकडे अपील करतात, आणि त्या अपिलांचा बोर्ड, म्हणजे कोणत्या दिवशी कोणाचं नाव कधी पुकारायचं, तो मी लावतो. काम एवढंच. पण एवढ्याशा कामातही हातून काय काय होऊन जातं, ते घरी सांगायचीही मला लाज वाटते.

‘निकाली’ या शब्दाचा मला आता वीट आला आहे. दोन्ही बाजू ऐकून निर्णय दिला तरी प्रकरण निकाली, फेरचौकशीसाठी पुन्हा तहसीलदारांकडे ढकललं तरी निकाली, आणि माणूस आलाच नाही म्हणून खारीज केलं तरीही निकालीच. वर जाणाऱ्या तक्त्यात तिन्हींना रकाना एकच. मग मार्च आला की काय होतं? लांबच्या तालुक्यांची प्रकरणं बोर्डावर सगळ्यात वर येतात. राळेगावचा माणूस धावतपळत का होईना, पोचतो. फुलसावंगीचा माणूस महागावला गाडी बदलून यवतमाळच्या स्टँडवर उतरेपर्यंत आमच्या शिपायाने दारात उभं राहून तीनदा नाव पुकारलेलं असतं. हे मला माहीत असतं, तरी बोर्ड तसाच लागतो, कारण तो तसा लावला की उद्दिष्ट पूर्ण होतं. शाखेत कोणी कोणाला हे शिकवत नाही आणि कोणी कोणाला विचारतही नाही.

गेल्या मार्चमध्ये असंच एक प्रकरण होतं. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे एक म्हातारे बाबा. त्यांच्या वावराकडे जाणारी पांदण, म्हणजे गाडीवाट, शेजाऱ्याने नांगरून टाकली होती आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. बैलगाडी जाईना. कापूस डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या बांधावरून आणावा लागे, आणि तो दुसराही आता कुरकुर करू लागला होता. पांदण नकाशावर दिसत नाही, असं म्हणून तहसीलमध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. म्हणून अपील. वकील नव्हता.

त्या दिवशी त्यांची फाइल मी गठ्ठ्यात तळाशी सरकवली. माझ्या हिमतीची मजल तेवढीच. साहेबांचा हात तिथवर लगेच पोचला.

“ही कोणाची?”

“महागावकडची आहे सर. माणूस वाटेत असेल.”

“वाटेतला माणूस हजर धरता येतो का? बारा वाजता वरिष्ठांची व्हीसी आहे. पहिला प्रश्न आकड्याचाच येणार.”

साहेब वाईट नाहीत. मी त्यांच्यावर मनातून चिडलो ते त्यामुळेच. वाईट असते तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. पुकारा झाला, गैरहजेरी लागली, खारीज. थोड्याच वेळात म्हातारबुवा जिना चढून आले. डोक्याला पागोटं, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी.

“साहेब, महागावले गाडीच उशिरा लागली. नाव पुकारलं का?”

“पुकारलं बाबा,” मी म्हणालो.

“मंग पुन्हा पुकारा ना. आता तं आलो.”

शिपाई हसला. “बाबा, हे का लग्नाची पंगत होय, मागून आला तरी पान वाढाले?”

“पंगतीत तं म्हाताऱ्यासाठी थांबतेत रे बाप्पा,” ते म्हणाले. शिपायाचं हसू तिथंच थांबलं.

प्रकरण पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज मी त्यांना लिहून दिला. तो मंजूर होईपर्यंत नवं वर्ष लागलं आणि त्याला नवा क्रमांक पडला. म्हणजे जुन्या वर्षात एक निकाली आणि नव्या वर्षात एक प्रलंबित. तीच पांदण, त्याच काट्या.

त्या एप्रिलच्या नियोजन बैठकीत मी धीर करून बोललो. बोर्ड एसटीच्या वेळेप्रमाणे लावू, लांबचे तालुके दुपारी घेऊ, आणि ऐकून निकाली व न ऐकता निकाली असे दोन रकाने करू. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

“सूचना चांगली आहे. पण नमुना आपला नाही, वरून आलाय. आणि दोन रकाने केले तर विभागात आपलं कार्यालय कितव्या नंबरवर जाईल?”

“सर, बाकीच्यांनीही केले तर...”

“बाकीचे करणार नाहीत.”

ते बरोबर होते, याचाच मला जास्त संताप आला. मी जागेवर आलो आणि माझ्या स्वभावात नसलेली गोष्ट केली. एक जुनं परिपत्रक शोधून काढलं आणि साहेबांना दाखवलं, की पुन्हा दाखल झालेलं प्रकरण पहिल्याच तिमाहीत निकाली निघालं तर ते तक्त्यात ठळकपणे दाखवता येतं. साहेबांचा चेहरा खुलला. “मग घ्या ना लवकर. दुपारची वेळ द्या.”

न्यायाचं बोललो तेव्हा मान हलली नव्हती, आकड्याचं बोललो तेव्हा हलली. ज्या तक्त्याला मी नावं ठेवत होतो, त्याच्याच जिवावर मी म्हाताऱ्यांची सुनावणी मिळवली. हे मला अजून बोचतं.

सुनावणी मात्र खरी झाली. साहेबांनी जुना नकाशा मागवला, त्यावर पांदण निघाली, शेजाऱ्याचंही म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. मी प्रत हातात देऊन सगळं समजावलं. मार्चमध्ये काय झालं होतं, तेही सांगून टाकलं.

“म्हंजे माही पांदण दोनदा निकाली निघाली म्हना,” म्हातारे म्हणाले. “अन् काट्या तशाच. पेरणीच्या आंधी गाडी जाईन का वावरात?”

रस्ता प्रत्यक्ष उघडून द्यायचा तो तहसीलने. त्यांच्यासमोरच मी नायब तहसीलदारांना फोन लावला. ते म्हणाले, सध्या सगळा स्टाफ दुसऱ्या उद्दिष्टात गुंतलाय, पावसाळ्यानंतर पाहू. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कधी कोणावर ओरडलो नसेन, तो फोनवर ओरडलो. उद्दिष्ट, तक्ता, पांदण, जे तोंडात येईल ते बोललो आणि फोन आपटला. अख्खी शाखा माझ्याकडे बघू लागली.

म्हाताऱ्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “साहेब, काहून तापता? त्यायलेच माह्या वावरात यायचं हाय. तुमी भांडून बसान, अन् ते मंग माह्यावर राग काढतीन.”

मी पाणी प्यालो. पुन्हा नंबर लावला. आधी माफी मागितली, मग हळू आवाजात पेरणीआधीची तारीख मागितली. पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. म्हातारे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. तारीख मिळाली. मी ती मोठ्याने म्हटली, आणि त्यांनी स्वतःशीच दोनदा म्हणून घेतली.