कोरी नळी

पाण्यात अमिनो आम्ल किती वेगानं पसरतं आणि पाणी तापवलं की तो वेग किती वाढतो, हे मला मोजायचं होतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा हा प्रकल्प. सरांनी विषय दिला त्या दिवशी मी गावी, साखऱ्याला फोन लावला आणि म्हणाले, "माय, मला मोजायचं काम मिळालं." काय मोजायचं, हे तिनं विचारलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सांगेन ते तिला मोठंच वाटायचं.

पद्धत साधी होती. बोटाच्या पेराएवढी, एका टोकाला बंद केलेली काचेची बारीक नळी घ्यायची. तीत ग्लायसीन नावाच्या अमिनो आम्लाचं द्रावण भरायचं. मग ती नळी ठरावीक तापमानाच्या शांत पाण्यात चोवीस तास उभी बुडवायची. उघड्या तोंडातून ग्लायसीन आपोआप बाहेर पसरतं. दुसऱ्या दिवशी नळी काढून, पुसून, अख्खीच्या अख्खी परीक्षानळीत सोडायची, वर निनहायड्रिन हे रसायन घालून तापवायचं. आत जितकं ग्लायसीन उरलं असेल तितका जांभळा रंग गडद. त्या रंगावरून पसरण्याचा वेग निघतो.

चाळीस, पन्नास आणि साठ अंशांसाठी वॉटर बाथ होते. दोन आमचे, एक प्राणिशास्त्र विभागाकडून उसना. अडचण अठ्ठावीस अंशांची. हिंगोलीत एप्रिलमध्ये नळाचं पाणीच त्याहून गरम येतं आणि बाथला नुसतं तापवता येतं. मी प्रयोगशाळेच्या मामांना सांगून मागच्या अंधाऱ्या खोलीत एक रांजण ठेवला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि दर दोन तासांनी ते भिजवत राहिले. दिवसभरात पारा अठ्ठाविसापासून एका अंशापेक्षा जास्त हलला नाही. सरांनी स्वतः वाकून थर्मामीटर पाहिला आणि हसून म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात नाही." त्या एका वाक्यावर माझा दिवस आनंदात गेला.

घोडं अडलं कोऱ्या नळीपाशी. प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची करायची असते. तिला रंग येता कामा नये. माझी कोरी नळी दर वेळी जांभळी यायची, कधी फिकी, कधी चांगलीच. मी काचसामान आम्लात धुतलं, पाणी तीनदा बदललं, निनहायड्रिनची नवी बाटली फोडली. घामात अमिनो आम्लं असतात हे माहीत होतं, म्हणून हातमोजे घातले, नळी चिमट्यानं धरली. तरी जांभळी.

शुक्रवारी सर म्हणाले, "कोरी नळी कोरी नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. सोमवारपर्यंत बघ. नाहीतर ग्रंथालयात बसून दुसऱ्यांनी मोजलेलं उतरवून काढ. पास तशीही होशील."

पास व्हायची मला काळजी नव्हती. मला मोजायचं होतं.

शनिवारी माय एका लग्नाच्या बस्त्यासाठी हिंगोलीला आली होती. दुकानात बायकांचं ठरत नव्हतं म्हणून ती उठून माझ्याकडे आली. मी तिला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि पुन्हा एक कोरी नळी करायला घेतली. पाणी भरलं, चिमट्यानं धरली, पुसली आणि परीक्षानळीत सोडली.

"माझ्यावानीच करतीस की," माय म्हणाली.

"काय?"

"डोक्याला लावून सोडलीस. मी चाड्यावर मूठ धरते तशी."

आमच्याकडे पेरणीला तिफणीमागं माय चालते. तिफणीवरच्या लाकडी चाड्यात बी सोडण्याआधी पहिली मूठ ती कपाळाला लावते. लहानपणी मीही तिच्या मागून चालताना तेच करायची. इथंही मी हातमोजे घालून, चिमट्यात धरून, दर नळी कपाळाला टेकवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एप्रिलातलं, घामानं भिजलेलं कपाळ.

"माय, तू बसून राहा," मी म्हणाले. "उठू नको."

तीन कोऱ्या नळ्या भरल्या. एक माझ्या कपाळाला लावली, एक तिच्या, तिसरी कुठंच नाही. परीक्षानळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. पहिली जांभळी झाली. दुसरी त्याहून जांभळी. तिसरी पाण्यासारखी राहिली.

"तुझ्यापेक्षा माझा रंग पक्का आला," माय म्हणाली.

मी तिला मिठी मारली, तेव्हा मामा दारातून म्हणाले, "परीक्षेच्या आधीच पास झाली का काय?"

दुपारी चारही तापमानांच्या नळ्या पाण्यात सोडल्या. रात्रीही पोतं ओलं राहावं म्हणून त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं. बस्त्याची गाडी मायला न घेताच साखऱ्याला गेली. ती माझ्या खोलीवर राहिली. रविवारी मामांनी कुलूप उघडून दिलं. नळ्या काढायची वेळ आली तेव्हा मी मायला काम दिलं: माझा हात वर गेला की सांगायचं.

"हात," ती पहिल्याच नळीला म्हणाली.

तिसरीलाही म्हणाली. "काहून इतकी घाई देवाला? आधी काम होऊ दे."

कोरी नळी कोरी आली. बाकी चार ओळीनं ठेवल्या. रांजणातली सगळ्यात गडद, मग चाळीसची, पन्नासची आणि साठची सगळ्यात फिकी. रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या कलरीमीटरवर आकडे घेतले. हिशोब करून आलेखाच्या कागदावर चार टिंबं दिली; ती एका सरळ रेघेत आली तरच मोजणी खरी. सरांची वाट बघायचा धीर नव्हता. मी मामांच्या टेबलावरची पट्टी आणली आणि टिंबांवर ठेवली. चारही पट्टीच्या कडेला लागून होती.

सोमवारी सरांनी तीच पट्टी पुन्हा ठेवून पाहिली, कोऱ्या नळीचा आकडा दोनदा वाचला आणि प्रकल्पाच्या अर्जावर 'ग्रंथालयीन' सोडून 'प्रायोगिक' या शब्दाखाली रेघ ओढली. कपाळाची गोष्ट त्यांनी मला अहवालात लिहायला लावली.

पण मला आठवतो तो रविवारच. पट्टी तशीच ठेवून मी मायला बोलावलं आणि ओळीत आलेली टिंबं दाखवली.

"म्हणजे पाणी तापलं की ते जोरात पळतंय," ती म्हणाली.

"व्हय."

"हे तर मला साखर विरघळवताना बी दिसतंय की गं."

"पण किती जोरात, ते ठाऊक होतं का?"

मायनं जरा विचार केला. "न्हाई," ती म्हणाली आणि पट्टीवर बोट ठेवून, हलू नये म्हणून, ती घट्ट धरली. मी पेन्सिलीनं रेघ ओढली.